एका खोलीत दोन कुत्रे : करुणेला शिस्तीची जोड हवी



पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक गोष्ट दरवर्षी घडते. नाले भरून वाहू लागतात, रस्त्यावरची कुत्री आडोसा शोधू लागतात आणि कुणाचे तरी पोर एखादे भिजलेले, हाडकुळे कुत्रे घरी घेऊन येते. “आई, ठेवू या ना याला!” आईचेही मन द्रवते. घरात आधीचा एक कुत्रा असतोच. दाराशी बसणारा, अनोळखी माणसावर भुंकणारा, सगळ्या गल्लीच्या ओळखीचा. एकाला भाकरी घालतो तिथे दुसऱ्यालाही घालू, असा साधा हिशोब होतो.

पहिले दोन दिवस नवा पाहुणा कोपऱ्यात गप्प पडून राहतो. पोट भरते, अंगात जीव येतो आणि मग तो घर डोक्यावर घेतो. चपला कुरतडतो, पिंपामागे घुसतो, जुन्या कुत्र्याच्या अंगावर उड्या मारतो, त्याच्या ताटलीत तोंड घालतो. एके दिवशी दोघांची जुंपते. सोडवायला लहान मूल मध्ये हात घालते आणि चावा त्यालाच बसतो. मग दवाखान्याची धावपळ, बुडालेली रोजंदारी, शेजाऱ्यांशी भांडण. शेवटी रात्री कुणीतरी त्या कुत्र्याला पोत्यात घालून हायवेच्या पलीकडे सोडून येते.

यात कुत्रा वाईट नसतो आणि घरचेही वाईट नसतात. सगळे घाईत झालेले असते, एवढेच. दोन पट्टे, दोन ताटल्या, वेळेवर दिलेली लस आणि थोडा धीर, एवढ्या भांडवलावर बहुतेक घरांत दोन कुत्री नीट राहू शकतात. ते कसे, हे या वेळच्या आरोग्यपानात पाहू.

“माणसाचेच हाल, तिथे कुत्र्याचे काय?”

हा प्रश्न महिला मंडळाच्या बैठकीत हमखास येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे पाणी पीत होती, बंदी होती ती फक्त आपल्या माणसांना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्यांच्या आज्या-पणज्यांना कुत्र्यापेक्षा खाली लेखले गेले, त्यांना कुत्र्याचे कौतुक चटकन रुचत नाही, हे मी समजू शकते.

पण आपला लढा त्या मुक्या जनावराशी नव्हता. माणसाला जनावराच्या खाली बसवणाऱ्या व्यवस्थेशी होता. पंचशीलातले पहिले शील प्राणिमात्राची हिंसा करू नका असे सांगते, त्यात कुत्राही आला. दुसरी गोष्ट अशी की वस्तीतल्या कुत्र्याचे आरोग्य आणि वस्तीतल्या मुलांचे आरोग्य एकाच गल्लीत नांदते. कुत्र्याला लस मिळाली नाही तर धोका बंगल्याला कमी आणि उघड्या दाराच्या झोपडीला जास्त.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा या दोन्हींना धम्माच्या पायाशी ठेवले आहे. कुत्रे घरी आणून पोराने करुणा दाखवली. आता प्रज्ञेचे काम मोठ्यांचे.

आणण्यापूर्वीचा हिशोब

कुत्र्याला घरात घेण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून चार गोष्टी ठरवाव्यात. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवणार कोण? लस, जंताचे औषध आणि खाणे यांचा खर्च निघेल का? भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना सांगितले आहे का? आणि घर भाड्याचे असेल तर मालकाची हरकत नाही ना? मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिकांत पाळीव कुत्र्याचा परवानाही काढावा लागतो, तेही लक्षात असू द्यावे.

घरात रांगते बाळ असेल, कुणी अंथरुणाला खिळलेले असेल किंवा जुना कुत्रा आजारी वा अतिशय भांडखोर असेल, तर नव्याला घरात आणू नये. त्याला वस्तीचा कुत्रा म्हणून सांभाळावे. चार घरांनी मिळून खाणे द्यावे, लस आणि नसबंदी करून घ्यावी. हीसुद्धा करुणाच आहे आणि ती जास्त दिवस टिकते.

पिल्लू अगदी लहान असेल आणि त्याची आई जवळपास असेल, तर त्याला उचलू नका. निदान आठ आठवडे पिल्लू आईजवळ राहिले पाहिजे. दुसऱ्या कुत्र्यांशी कसे वागायचे, किती जोराने चावले की समोरच्याला दुखते, हे धडे त्याला आई आणि भावंडेच देतात.

आधी दवाखाना, मग घर

नवे कुत्रे जुन्याजवळ सोडण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत आहेत. मुंबईत परळला, ज्याला सगळे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून ओळखतात, ते जनावरांचे जुने रुग्णालय आहे. अनेक शहरांत पालिकेची आणि प्राणिमित्र संस्थांची मोफत लसीकरण शिबिरेही होतात.

दवाखान्यात चार गोष्टींची विचारणा करा.

रेबीजची लस : तीन महिन्यांच्या वरच्या प्रत्येक कुत्र्याला. पुढचा डोस केव्हा, ते डॉक्टर कार्डावर लिहून देतात, त्यानंतर दरवर्षी. लस टोचली त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, त्याला काही आठवडे लागतात. जुन्या कुत्र्याची लस चुकली असेल तर त्यालाही त्याच दिवशी घेऊन जा.

इतर आजारांची एकत्र लस : पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार एका कुत्र्यापासून दुसऱ्याला पटकन लागतात. पार्व्होत उलट्या आणि रक्ताचे, घाण वासाचे जुलाब होतात आणि लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. नव्याकडून जुन्याला हा आजार जाण्याची भीती मोठी असते.

जंताचे औषध : कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात. त्याच मातीत आपली मुले खेळतात आणि तेच हात तोंडात घालतात. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी औषध द्यावे, पिल्लांना जास्त वेळा लागते.

गोचीड, पिसवा, खरूज : अंगावरचे केस जागोजागी गेलेले असतील, कुत्रे सतत खाजवत असेल तर ती खरूज असू शकते. तिची खाज माणसालाही सुटते. रॉकेल, जळके ऑइल असले काही लावू नका. कुत्रे ते चाटते आणि विष पोटात जाते.

शक्य असेल तर नव्याला पहिले दहा ते चौदा दिवस वेगळे ठेवा. एका खोलीच्या घरात हे कठीण, हे ठाऊक आहे. पोटमाळ्याचा जिना, मागची पडवी, नात्यातल्या कुणाचे रिकामे घर, जे मिळेल ते. काहीच नसेल तर निदान ताटल्या, पाणी आणि अंथरूण वेगळे ठेवा आणि एकाला हात लावल्यावर साबणाने हात धुऊनच दुसऱ्याला हात लावा.

आणखी एक सूचना. घरातल्या माणसांच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या यकृताला, पोटाला, मूत्रपिंडाला इजा करतात.

दोघांच्या दोन जागा

कुत्र्याला मोठे घर लागत नाही. त्याला स्वतःची एक जागा लागते, जिथे त्याला कुणी उठवणार नाही. एकाची जागा खाटेखाली, दुसऱ्याची दाराजवळच्या कोपऱ्यात, अशी वाटणी करा. मध्ये जुन्या साडीचा किंवा गोणपाटाचा पडदा लावला तरी पुष्कळ फरक पडतो. एकमेकांकडे सारखे पाहत राहावे लागले नाही की दोघेही लवकर शांत होतात. जुन्या कुत्र्याची नेहमीची जागा मात्र नव्याला देऊ नका.

या दिवसांत वासाची ओळख करून द्या. कुत्रा डोळ्यांपेक्षा नाकाने जग ओळखतो. एक फडके नव्याच्या अंगावरून फिरवून जुन्याच्या जागेजवळ ठेवा, दुसरे जुन्याच्या अंगावरून फिरवून नव्याजवळ ठेवा. दोघेही हुंगतील, कदाचित गुरगुरतील. हळूहळू त्या फडक्याकडे दुर्लक्ष करू लागले की पुढच्या पायरीची वेळ झाली.

पहिली भेट घराबाहेर

पहिली भेट घरात करू नका. घर जुन्याचे आहे, तिथे अचानक दुसरा आला तर तो राखण करणारच. शाळेचे मैदान, रेल्वेच्या कडेची मोकळी जागा किंवा रुंद रस्ता, जिथे गर्दी नाही आणि जी जागा दोघांपैकी कुणाचीच नाही, अशी निवडा. पहाटेची वेळ उत्तम.

दोघांना दोन माणसांनी धरावे. दोघांच्याही गळ्यात पट्टा आणि मजबूत दोरी असावी. सुरुवातीला दहा-पंधरा पावलांचे अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचे. समोरासमोर उभे करून “घे, दोस्ती कर” असे म्हणायचे नाही. चालता चालता अंतर हळूहळू कमी करायचे. दोरी सैल ठेवायची, कारण दोरी ताणली की कुत्र्याला वाटते की समोर काहीतरी धोका आहे. दोघेही आरामात चालत असतील तर काही क्षण एकमेकांना हुंगू द्यायचे आणि भांडण सुरू होण्याची वाट न पाहता पुढे चालू लागायचे. असे चार-पाच दिवस करावे, मग दोघांना चालतच घरी आणावे.

या वेळी त्यांच्या अंगाची भाषा पाहावी. अंग सैल आहे, तोंड किंचित उघडे आहे, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर केला आहे, म्हणजे खेळायचे आमंत्रण आहे. अंग लाकडासारखे ताठ, नजर रोखलेली, मानेवरचे केस उभे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो आहे, म्हणजे लगेच अंतर वाढवा. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समज अपुरा आहे. वर ताठ धरलेली, भराभर हलणारी शेपटी ताणाचीही असते.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधी मारू नका. गुरगुरणे ही सूचना आहे : मला हे नको, लांब हो. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि एक दिवस न सांगता चावतो.

अंगातली रग जिरवायची कशी

सहा महिने ते दोन वर्षे वयाचे कुत्रे म्हणजे नुकतेच मिसरूड फुटलेले पोर. रस्त्यावर ते दिवसभर भटकत होते, हुंगत होते, कचऱ्यातून खाणे शोधत होते. आता अचानक त्याला दहा बाय बाराच्या खोलीत साखळीला बांधले, तर ती सगळी रग चपलांवर आणि जुन्या कुत्र्यावर निघते. अशा वेळी साखळी आणखी आखूड करण्याचा मोह होतो. त्याने कुत्रे अधिक चिडके होते. शिवाय कुत्र्याला आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. पहाटे नळाला पाणी येण्याआधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर निदान अर्धा-अर्धा तास चालवा. उन्हाळ्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर नेऊ नका, पाय भाजतात. चालताना त्याला मनसोक्त हुंगू द्या. दहा मिनिटे नाक चालवल्याने कुत्रे चांगले दमते.

घरात त्याला डोक्याचे काम द्या. भाकरीचे तुकडे जुन्या गोणपाटात गुंडाळून त्याला शोधू द्या. झाकण आणि खालची कडी काढलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडे खाणे टाका, ती लोळवून तो ते बाहेर काढतो. बाटली चावून तुकडे करू लागला तर काढून घ्या. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटे, “बस”, “थांब”, “सोड” हे शब्द शिकवा. ऐकले की लगेच भाकरीचा छोटा तुकडा. घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. आई “बस” म्हणते आणि दादा “खाली” म्हणतो, तर कुत्रे गोंधळते.

आणि जुन्या कुत्र्याला नव्याच्या मस्तीतून रोज सुट्टी हवी. म्हाताऱ्या माणसाला नातवंडे आवडतात, पण दुपारची झोपही लागते. नवा सारखा अंगावर जात असेल तर त्याला शांतपणे बाजूला घ्या आणि त्याच्या जागी चघळायला काहीतरी द्या.

एका घरातला अनुभव

आमच्या भागात घरकाम करणाऱ्या एका ताईंकडे आठ वर्षांचा काळू होता. त्यांच्या आठवीतल्या मुलाने वर्षभराची चिंगी आणली. चिंगी म्हणजे वारा. वर सांगितलेले सगळे त्यांनी केले, तरी रोज संध्याकाळी दोघांची जुंपायचीच.

मी त्यांना एक वही घालायला सांगितली. भांडण कुठे झाले, किती वाजता, त्याआधी काय घडले, एवढेच लिहायचे. आठवड्याने वही पाहिली तर जवळपास सगळी भांडणे दारात झालेली. ताई कामावरून आल्या की दोघेही एकदम दाराकडे धावायचे आणि अडीच फुटांच्या उंबऱ्यावर एकमेकांवर आदळायचे.

मग त्यांनी रीत बदलली. ताई यायच्या वेळी मुलगा चिंगीला तिच्या कोपऱ्यात बसवून भाकरीचा तुकडा देऊ लागला. ताई आत येऊन आधी शांतपणे बसायच्या, मग काळूला हात लावायच्या आणि त्यानंतर चिंगीला बोलावायच्या. तीन आठवड्यांत दारातली भांडणे थांबली. दोघे एकमेकांना टेकून झोपायला मात्र तीन महिने लागले. प्राण्यांसाठी काम करणारे लोक ढोबळमानाने हेच सांगतात : पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची रीत समजण्याचे, तीन महिने घर आपले वाटण्याचे.

आपल्या घरातही अरुंद जागांवर लक्ष ठेवा. दार, मोरी, चुलीजवळची जागा, खाटेखालचा भाग. तिथे दोघांना एकदम अडकू देऊ नका. खाणे ठरल्या वेळी आणि दोन टोकांना द्या. एकाला मोरीजवळ, एकाला दाराबाहेर. खाऊन झाले की ताटल्या उचलून ठेवा. मटण-कोंबडीची शिजलेली हाडे देऊ नका, ती फुटून घशात व आतड्यात रुततात. हाडावरून भांडणही सर्वांत लवकर लागते.

भांडण लागलेच तर

मध्ये हात घालू नका, पट्टाही धरू नका. चिडलेला कुत्रा कुणाचा हात आहे हे पाहत नाही. बादलीभर पाणी दोघांच्या तोंडावर फेका, थाळी जोराने वाजवा, मध्ये पाट, सुपली किंवा जाड गोधडी टाका. वेगळे झाले की दोघांना निदान काही तास वेगवेगळे ठेवा. जखमा पाहा. दाताची जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते पण आत खोल असते, म्हणून डॉक्टरला दाखवा. काठीने बडवल्याने भांडण थांबत नाही, वेदनेचा राग दुसऱ्या कुत्र्यावर निघतो.

मुलांना शिकवायच्या चार गोष्टी

कुत्रे खात असताना, झोपलेले असताना किंवा पिल्लांना पाजत असताना हात लावायचा नाही. शेपटी-कान ओढायचे नाहीत, अंगावर बसायचे नाही. त्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचे नाही. अनोळखी कुत्रे जवळ आले तर पळायचे नाही, झाडासारखे स्थिर उभे राहायचे. लहान मुलाला दोन कुत्र्यांसोबत एकटे सोडून नळावर किंवा दुकानात जाऊ नये. लहान मुलांची उंची कमी असल्याने चावे तोंडावर आणि डोक्यावर बसतात आणि ते सर्वांत धोक्याचे.

पाचवी गोष्ट मोठ्यांसाठी. मुलाला सांगून ठेवा : “कुत्र्याचा दात किंवा नख लागले तर आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही.” ‘कुत्र्याला हाकलून देतील’ किंवा ‘मार बसेल’ या भीतीने मुले ओरखडा लपवतात. नर्स म्हणून मी पाहिले आहे, उशिराने येणाऱ्यांत अशी मुले असतात. मुलाला वाटणारी ही भीती त्याच्या जिवावर बेतू शकते.

दात लागला, ओरखडा उठला तर

रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्यानंतर लगेच योग्य उपचार घेतले तर हा आजार टाळता येतो. म्हणून हा भाग कापून भिंतीवर लावावा.

१. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पूर्ण १५ मिनिटे जखम धुवा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने सतत ओतत राहा. पाणी आणि साबण विषाणूला जखमेतून काढून टाकतात.

२. हळद, तिखट, चुना, तंबाखू, तेल काहीही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका. भगताकडे, मंत्र टाकणाऱ्याकडे एक तासही घालवू नका. विषाणू मंत्राने थांबत नाही.

३. त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जा. रेबीजची लस तेथे मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची पद्धत केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात. लहान बाळांना मांडीत देतात. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पहिली सुई घेतली तो दिवस शून्य. जखम दुखायची थांबली म्हणून उरलेले डोस सोडू नका.

४. रक्त आले असेल किंवा कुत्र्याची लाळ उघड्या जखमेला, डोळ्यांना, ओठांना लागली असेल, तर लसीसोबत जखमेत तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोबुलिनचे, इंजेक्शनही लागते. डॉक्टरांना त्याविषयी स्वतःहून विचारा. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. धड कातडीला नुसते चाटले असेल तर धुणे पुरेसे आहे.

५. “आपलाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे” म्हणून थांबू नका. उपचार सुरू करा आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढच्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. नवीन आणलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तर विशेष काळजी, कारण आजाराची लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू येऊ शकतो.

६. गरोदर स्त्री, बाळंतीण, तान्हे बाळ, म्हातारे माणूस, सर्वांना ही लस चालते. पूर्वी पूर्ण डोस झालेले असतील तर पुन्हा चावल्यावर फक्त ० आणि ३ या दिवशीचे डोस लागतात. म्हणून जुने कार्ड सांभाळून ठेवा.

कुत्र्याचा आवाज बदलला, जबडा लोंबू लागला, लाळ गळते, गिळता येत नाही, अंधारात लपते किंवा दिसेल त्याला चावत सुटते, तर त्याला हात न लावता मुलांना घरात घ्या आणि पालिकेला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

पावसाळ्यात लेप्टोचीही आठवण ठेवा. तो उंदराच्या तसाच कुत्र्याच्या लघवीतूनही पसरतो. दोघांची घाण हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून काढा आणि पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालू नका. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य दुखणे सुरू झाले तर अंगावर काढू नका.

नसबंदीचा प्रश्न

कुत्रीला साधारण वर्षातून दोनदा माज येतो आणि दोन महिन्यांत पिल्ले होतात. घरात नर-मादी असतील तर वर्षभरात दोनाचे दहा होतील आणि ती पिल्ले पुन्हा त्याच नाल्याकाठी जातील. दोन नर असतील तर जवळपासच्या मादीच्या माजाच्या दिवसांत भांडणे वाढतात. म्हणून दोघांचीही नसबंदी करावी. केव्हा, ते डॉक्टर सांगतील. वस्तीतल्या मोकळ्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना पुन्हा त्यांच्याच जागी सोडणे ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. कानाला छोटी खाच असलेला कुत्रा दिसला की समजावे, त्याची शस्त्रक्रिया झालेली आहे.

विहारातून करता येईल असे काम

हा प्रश्न एकेका घराने सोडवण्यासारखा नाही. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढून वस्तीतल्या कुत्र्यांची यादी करा : किती, कुठे बसतात, कानाला खाच आहे का, कुणाच्या हातचे खातात. ती यादी जोडून महिला मंडळाच्या किंवा विहार समितीच्या नावाने पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लसीकरणाचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच असलेला अर्ज सहज बाजूला पडत नाही. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे. त्या सुमारास अनेक ठिकाणी मोहिमा निघतात, म्हणून अर्ज ऑगस्टमध्येच गेलेला बरा. जवळच्या रुग्णालयात लस आणि इम्युनोग्लोबुलिन दोन्ही मिळतात का, हेही याच वेळी विचारून विहाराच्या फलकावर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता मुलाला घेऊन धावणाऱ्या आईला तो फलक उपयोगी पडेल.

आणि सगळे करूनही दोघांचे पटलेच नाही, तर? तसेही होते. त्यात कमीपणा नाही. नव्यासाठी ओळखीचे दुसरे घर शोधा किंवा त्याला लस व नसबंदी करून वस्तीचा कुत्रा म्हणून आपल्याच गल्लीत सांभाळा. पोत्यात घालून परक्या भागात सोडू नका. तिथली कुत्री त्याला फाडतात, नाहीतर तो गाडीखाली येतो. ज्याला आपण एकदा भाकरी दिली, त्याची सोय लावूनच त्याचा निरोप घ्यावा.

भवतु सब्ब मंगलं!